‘कार’ला ‘तार’ म्हणणारं मूल

(नागपुरात अंगणवाडी सेविका आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

समोर काही आज्याही बसल्या आहेत, म्हणून आधीच सांगते: वेखंड चाटवून उच्चार सुधारत नाहीत. जीभ जड आहे म्हणून मूल बोबडं बोलतं, असं फार क्वचित असतं.

चार वर्षांचं मूल ‘कार’ला ‘तार’ म्हणतं. आपण ‘नीट म्हण, पुन्हा म्हण’ करत त्याच्या मागे लागतो आणि ते बोलायचंच टाळू लागतं. त्यापेक्षा कार आणि तार अशी दोन चित्रं समोर ठेवा. तुम्ही एक नाव घ्या, त्यानं फक्त बोट ठेवायचं. अदलून-बदलून बऱ्याचदा विचारा. दरवेळी बरोबर दाखवलं, तर फरक त्याला कळतोय, तोंडातून तेवढा येत नाहीये. गोंधळलं, तर हे दोन आवाज त्याच्या डोक्यात अजून वेगळे झालेले नाहीत. अशा मुलाला पुढे वाचायला-लिहायला जड जाण्याचा धोका जास्त असतो. आवाजच एकमेकांत मिसळलेले असतील, तर ‘क’ गिरवून काय हाती लागणार?

म्हणून पाटी-पेन्सिलच्या आधी कानाचे खेळ. रोज दहा मिनिटं पुरतात. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात ना, तिथूनच सुरू करा. सर्-जा, रा-जा: प्रत्येकाला दोन टाळ्या, आणि शेवट सारखा. मग गाडी, साडी, माडी. यात ‘पोळी’ बसते का? हे जमलं की पहिला आवाज: साप, सूप, सायकल. इथे ‘स’ न म्हणता नुसता ‘स्स्स्’ लांबवा, म्हणजे मागचा ‘अ’ मध्ये येत नाही.

टाळ्यांत मोठेच फसतात. ‘कमळ’ला मूल दोन टाळ्या वाजवतं, क-मळ. आई म्हणते तीन, कारण तिला तीन अक्षरं दिसतात. मूल बरोबर आहे, त्याला खोडू नका.

आणखी एक, आणि हे मला फार कळकळीनं सांगायचंय. आपल्या वऱ्हाडी घरांत ‘शाळा’ला ‘शाया’, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात. घरात तेच ऐकलेलं मूल तसंच बोलणार. तो दोष नाही, ती त्याची बोली आहे. त्याला चारचौघांत हसून गप्प करू नका. शाळेतला ‘ळ’ ते शाळेत शिकेल.

मूल ‘ताताची ताल आली’ म्हणालं, तर ‘हो, काकाची कार आली! लाल कार!’ एवढंच म्हणा. योग्य शब्द त्याच्या कानावर पडला, बास. परत म्हणवून घेऊ नका.

पण कान वाहत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा चार वर्षांचं होऊनही बाहेरच्यांना त्याचं बोलणं समजत नसेल, तर थांबू नका. आधी कानांची तपासणी, मग स्पीच थेरपिस्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. ताई, त्या दिवशी अशा मुलाच्या आईला निरोप धाडून बोलवा, आणि वजन-उंची झाल्यावर डॉक्टरांना त्याच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा.