माळ्यावरचे रुमाल

मंडळी, गणपती तोंडावर आलेत. घरोघरी माळे झाडायला निघतील आणि फडक्यात बांधलेला एखादा जुना रुमाल खाली येईल. आत मोडी कागद, निम्मे कसरीने खाल्लेले. वाचता कुणालाच येत नाही, मग जातात न्हाणीच्या चुलीत.

हे कागद माळ्यावर गेले कसे? १९४९च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याची खोताची पिढीजात वहिवाट, गेली आणि खोताच्या दप्तराचं रोजचं काम संपलं. त्याच सुमारास मोडीही व्यवहारातून उठली. म्हणून आपल्या इतिहास मंडळाने आधी घरोघर जावं. पण ‘कागद मंडळाला द्या’ असं म्हणू नका. तसं म्हटलं की घरच्यांना वाटतं, जमिनीची काहीतरी भानगड आहे! तिथेच ओटीवर, दाराच्या उजेडात फोटो काढा आणि रुमाल परत बांधून द्या. कागद दमट असेल तर सावलीत सुकवा, उन्हात नको. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

आता त्या रुमालात काय असतं ते बघा. कबुलायत असते, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेला कागद. लिहिणारा दुसराच, कुळाची खाली नुसती निशाणी. नांगराचं चित्र आणि शेजारी ‘निशाणी नांगर’. बाई असेल तर बांगडी. अख्ख्या दप्तरात कुळाच्या हातचं असं एवढंच.

माझी खरी तक्रार इथे आहे. आपण खोतांच्या वंशावळी हौसेने छापतो, देवस्थानचे मानपान छापतो. पण याच कोकणात अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्या मंडणगडातलं आंबडवे. त्यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ही बाजू माळ्यावर सापडायची नाही. ती वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं आता मोजकीच उरलीत.

त्यांच्याकडे जाऊन ‘मुलाखत द्या’ म्हणालात तर गप्प बसतील. खळ्यावर भात कसं मापायचे, अर्धेलीत, म्हणजे पीक निम्मं-निम्मं वाटताना, पेंढा कुणाकडे जायचा, वेठीला कोण जायचं, असं विचारा. मग थांबवणं कठीण. बोलणं त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करा, शुद्ध करायला जाऊ नका. आणि ज्या वाडीची कबुलायत, त्याच वाडीचं बोलणं तिच्या शेजारी ठेवा. दोन्हींचा मेळ बसणार नाही, खंडाचे, म्हणजे कुळाने खोताला द्यायच्या वाट्याचे, आकडेसुद्धा वेगळे येतील. येऊ देत, दोन्ही तसेच नोंदवा.

चाकरमानी गौरी-गणपती झाले की परत निघतील, त्याआधी हे उरकायचंय. मोडी थोडीफार लागते त्यांनी चहाच्या वेळी नाव देऊन जावं. बाकीच्यांनी फोन चार्ज करून यावं, आमच्याकडे त्या दिवसांत वीज असेलच असं नाही.