पाणी मागनं येतं

(दृश्य: आयर्विन पूल, पुराच्या पातळीच्या खुणा)

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सगळ्यांनी नदी पाहिली. पण सांगलीतल्या कितीतरी घरांत पाणी नदीकडनं आलंच नाही. ते मागनं आलं, नाल्यातनं.

हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. दोघींना एकदम पूर आला की कृष्णेला फुगवटा येतो, नाल्यांची तोंडं तुंबतात आणि पाणी उलटं शहरात शिरतं. पूर्वी ते सखल रानांत, ओतांत म्हणजे पाणी वाहायच्या नैसर्गिक सखल वाटांत पसरायचं. त्याच रानांचे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पडले, हीच गुंठेवारी. ओतांवर भराव पडला.

(दृश्य: शामरावनगर, प्लॉटात साचलेलं पाणी, पाणकणीस)

सांगलीतल्या शामरावनगरची माती काळी. एकदा फुगली की पाणी जिरू देत नाही. या पाण्यात पाणकणीस माजलंय. त्याच्या देठांत गाळ अडतो, मुळांवरचे जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात. काठाला वंचक बगळा मान आखडून बसलाय. कागदावर हा नुसता मोकळा प्लॉट!

पर्यावरण नियोजनाच्या अभ्यासकाचं काम इथं सुरू होतं. जमिनीचा उंचसखलपणा उपग्रहावरून कळतो. पाणी कुठल्या बोळातनं आलं, किती दिवस थांबलं, म्हशी कधी हलवाव्या लागल्या, हे मात्र भिंतीवरची पुराची रेघ आणि घरातली माणसंच सांगतात. दोन्ही एकाच नकाशावर आलं, तरच तो नकाशा खरा.

कोलकात्यात ध्रुबज्योती घोष या अभियंत्यानं हेच केलं. शहराचं सांडपाणी पूर्वेच्या भेड्यांमध्ये, म्हणजे उथळ मत्स्यतळ्यांमध्ये, उन्हानं आणि शेवाळानं निवळतं, त्यावर मासे वाढतात, आणि किती पाणी कधी आत घ्यायचं हे तिथल्या मच्छीमारांना पक्कं ठाऊक असतं. हे त्यांनी जगापुढे मांडलं. २००२ मध्ये त्या सुमारे १२,५०० हेक्टरला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मच्छीमार तिथंच राहिले, म्हणून पाणथळही राहिली.

(दृश्य: गुंठेवारीतली गल्ली)

आपल्याकडे पूर ओसरला की गुंठेवारीतल्या लोकांवर बोट ठेवलं जातं. हे मला अजिबात पटत नाही. परवडली ती जागा त्यांनी घेतली. २००१ च्या कायद्यानं अशी घरं नियमित करायची वाटही दिली. पाण्याला वाट कुणी ठेवायची, हा प्रश्न नियोजनाचा आहे. विकास आराखड्यात रस्त्यांची आखणी होते, तशी उरलेल्या प्रत्येक ओताची व्हायला हवी, भरावाचा पहिला डंपर येण्याआधी. आणि ती आखताना शामरावनगरची माणसं सोबत हवीत.