विष उचलणारा नेचा

(दृश्य: पावसात भिजलेली जुनी भिंत. दगडांच्या सांध्यातून बाहेर झुकलेली लांब, हिरवी पानं.)

चुना या नेच्याला मानवतो. त्यामुळे पडका वाडा, बांधीव विहीर, जुन्या पुलाची कमान, कुठेही तो उगवतो. टेरिस व्हिटाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. आपल्याकडे त्याला मुद्दाम कुणी लावत नाही, आणि कुणी उपटायलाही जात नाही.

आता जाऊया अमेरिकेत, फ्लोरिडा राज्याच्या मध्यभागी. इथे लाकडाचे खांब आणि वासे टिकाऊ करण्याचं काम चाले. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं द्रावण लाकडात मुरवलं जाई. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात जखडून ठेवतं. या द्रावणाचा शोध आपल्याकडचाच! १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंती कामेशन यांनी तो लावला. लाकूड जगभर टिकलं. अशा आवारांत ठिबकलेलं द्रावण मात्र मातीत जिरत राहिलं.

(दृश्य: ओसाड आवार, माजलेला झाडोरा.)

याच मातीत हा नेचा मजेत वाढत होता. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानं तपासली आणि २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष छापले. प्रयोगात आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढवलेल्या नेच्याच्या एक किलो सुक्या पानांत २२ ग्रॅमहून जास्त आर्सेनिक भरलं. एवढ्याने बहुतेक झाडं केव्हाच मेली असती. (भिंतीवरच्या नेच्याला घाबरायचं कारण नाही. माती स्वच्छ असेल तर पानांतही आर्सेनिक नाममात्रच असतं.)

आर्सेनिक खरं तर उपधातू, म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधला, पण जमिनीच्या प्रदूषणाच्या हिशोबात त्याला जड धातूंच्याच पंगतीला बसवतात. मातीतलं त्याचं रूप रचनेने फॉस्फेट या झाडांच्या पोषकद्रव्यासारखं दिसतं. मुळं फॉस्फेट समजून त्याला आत घेतात. इतर झाडं इथेच फसतात. नेचा मात्र ते मुळांत साठू देत नाही, पानांकडे पाठवतो आणि पेशींमधल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्यांमध्ये, कोंडून ठेवतो. म्हणूनच तो कामाचा. विष जमिनीच्या वर येतं, कापता येतं, आणि कापल्यावर त्याच कंदातून पुन्हा पानं फुटतात.

मग अडतं कुठे? वेळेत. फ्लोरिडातच दोन वर्षं केलेल्या एका प्रयोगात वरच्या १५ सेंटिमीटर मातीतलं आर्सेनिक किलोमागे १९० मिलिग्रॅमवरून १४० वर आलं. यंत्राने माती खरवडून नेली तर हेच काम काही दिवसांत उरकतं. पण ती माती दुसरीकडे टाकावी लागते, आणि मूळ जागी सुपीक थर उरत नाही.

(दृश्य: वॉशिंग्टन, स्प्रिंग व्हॅली. घरांभोवती मोठी झाडं.)

पहिल्या महायुद्धात इथे रासायनिक अस्त्रांच्या चाचण्या झाल्या. १९९३ मध्ये खोदकामात पुरलेले तोफगोळे निघाले, पुढे अंगणांतल्या मातीत आर्सेनिक सापडलं. जिथे खोदलं तर जुन्या झाडांची मुळं तुटली असती, तिथे नेचा लावून पाहिला. मात्र तिथल्या थंडीत तो टिकत नाही, दरवर्षी नव्याने लावावा लागे. दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शीत ही अडचण नाही. तिथल्या शेतात तुती आणि उसाच्या ओळींमध्ये हा नेचा लावला गेला, म्हणजे जमीन साफ होईपर्यंत शेतकऱ्याचं उत्पन्न थांबत नाही. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

(दृश्य: कापलेल्या पानांचे भारे, हातमोजे घातलेले कामगार.)

खरी कटकट इथून पुढची. झाडाने आर्सेनिक नष्ट केलेलं नाही, फक्त उचललेलं आहे. पानं उघड्यावर जाळली तर ते धुरातून पसरतं. ढीग लावून ठेवली तर पावसाच्या पाण्यात विरघळून जमिनीत परत जातं, म्हणून पानं सुकून गळायच्या आधीच कापावी लागतात. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून आर्सेनिक वेगळं काढायचे प्रयोग झाले आहेत. पाला त्याने बराच निर्धोक होतो, पण निघालेलं आर्सेनिक शेवटी कुठेतरी बंदोबस्तात ठेवावंच लागतं.