पिशवी, मोसंबी आणि एक पेशी

मागे ऐकू येतंय ना? बरं.

कार्यक्रमपत्रिकेत ‘फायब्रॉइड का वाढतात : रेणूंच्या पातळीवर’ असं छापलंय. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ. तिकडे येतेच, पण आधी माझी जुनी तक्रार. आपण गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतो. सामान उतरवलं की पिशवी खुंटीला, विरली की पायपुसणं! माझ्या मावशीला चाळिशीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, “मोसंबीएवढी आहे. दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम?” मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी अर्धा तास भांडणारी माझी मावशी, तिथे मुकाट सही करून आली. रात्री मला विचारते, “माझं काय चुकलं गं? लोणचं फार खाल्लं का?” हसू नका, हे निदान तिच्या सासूबाईंचं होतं.

आणि ही फळं! लिंबू, मोसंबी, नारळ. तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, पण मोसंबी जालन्याची की नागपूरची, एकाही कागदावर कुणी लिहिलं नाही. अशी मोसंबी टेबलावर कापली की सुरी करकरते, पांढरा काप टम्म वर येतो, आणि आत सुतळीच्या गुंड्यांसारखे भोवरे दिसतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! फळबाजारात रमले, दोष माझाच.

तर झरझर सांगते. बाईच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र झोपलेलं असतं. कोणतं, ते पेशीगणिक वेगळं, पण एका पेशीपासून झालेल्या साऱ्या पेशींत तेच झोपलेलं राहतं. ज्यांच्या दोन एक्सवर जी-सिक्स-पीडी या एन्झाइमचे दोन वेगळे प्रकार होते, अशा बायकांच्या गाठी लिंडर आणि गार्टलर या संशोधकांनी 1965 साली तपासल्या. गर्भाशयाच्या साध्या स्नायूत दोन्ही प्रकार सापडले, गाठीत मात्र एकच. म्हणजे अख्खी मोसंबी हा एकाच पेशीचा गोतावळा! शेजारची गाठ बहुधा दुसऱ्या घराण्याची.

त्या मूळ पेशीत काय बिघडतं? 2011 साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या संशोधक गटाला सुमारे 70 टक्के गाठींत मेड-ट्वेल्व्ह या एकाच जनुकात बदल दिसला. हे जनुक एक्सवरच असतं. बदल आईबापांकडून आलेला नव्हे, त्या पेशीतच घडलेला. लोणच्याचं नाव कुठेही नाही, मावशी! या जनुकाचं प्रथिन इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेत बसतं. बदलामुळे तिथलं एक काइनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, त्याला नीट चालू करता येत नाही. उरलेल्या गाठींत कुठे एचएमजीए-टू हे दुसरं जनुक बिघडलेलं, कुठे आणखी काही.

आता हार्मोन. सगळे इस्ट्रोजेनला झोडपतात, पण ते मुख्यतः प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारी प्रथिनं, वाढवून ठेवतं. पेशी वाढवण्याचं, त्यांना मरू न देण्याचं बरंचसं काम प्रोजेस्टेरॉनचं. शिवाय टीजीएफ-बीटा या निरोप्या प्रथिनामुळे पेशी कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, ओतत राहतात. सुरी करकरते ती त्यामुळे. पाळी गेली की रसद तुटते, गाठ आक्रसते.

हो हो, उठते. पपईबद्दल ज्यांनी हात वर केलाय, त्यांनी चहाच्या टेबलाशी गाठा.