जँगोमध्ये पहिला पॅच: आधी टेस्ट फेल करून दाखवा

नमस्कार! आज स्लाइड्स नाहीत, थेट टर्मिनल उघडून बसूया. जँगोला, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या ओपन सोर्स फ्रेमवर्कला, हातभार लावायची इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, असं बरेच जण विचारतात.

जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नवख्यांसाठी एक धडा आहे. त्यात सरावापुरतं एक टिकीट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, दिलंय, नंबर ९९९९९. काम काय? ‘मेक टोस्ट’ नावाचं फंक्शन लिहायचं, ते ‘टोस्ट’ हा शब्द परत देईल. बस्स! पण क्रम बघा. फंक्शनला आधी हात लावायचा नाही, आधी टेस्ट लिहायची.

[स्क्रीनवर टर्मिनल]

टेस्टच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली, रनटेस्ट्स चालवलं, आणि हा आला इम्पोर्ट एरर. फंक्शनच नाही, तर इम्पोर्ट काय होणार? आपल्याला हाच एरर हवा होता. आता फंक्शनच्या दोन ओळी लिहिते, पुन्हा चालवते... खाली ‘ओके’. मग डॉक्युमेंटेशन, रिलीज नोट्समध्ये एक नोंद, आणि मगच पॅच, म्हणजे आपण सुचवलेला कोडमधला बदल, पूर्ण.

खऱ्या टिकिटावरही हेच करायचं असतं. ‘इथे बग आहे’ असं कुणीही म्हणेल. तो बग पकडून दाखवणारी, फेल होणारी टेस्ट लिहिणं हे खरं कष्टाचं काम. तुम्ही फक्त तेवढी टेस्ट जोडलीत आणि फिक्स दुसऱ्या कुणी लिहिला, तरी त्याची अर्धी वाट तुम्ही सोपी केलेली असते.

‘इझी पिकिंग्ज’ची, म्हणजे सोप्या कामाची, खूण असलेल्या टिकिटांवर सगळ्यांचीच नजर असते. माझं ऐकाल तर ‘पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट’वाली, म्हणजे पॅच अजून सुधारायला हवा अशी, जुनी टिकिटं शोधा. कुणीतरी मेहनतीने पॅच लिहिला, रिव्ह्यू आला, आणि मग ते काम तसंच राहिलं. तिथे आधी विचारा, ‘मी पुढे नेऊ का?’ मूळ लेखकाचं श्रेय राखा, आणि रिव्ह्यूमधला एकेक मुद्दा निस्तरा. दुसऱ्याचा कोड वाचायची अशी तालीम नोकरीतही क्वचितच मिळते.

आता करिअरचं. अँड्र्यू गॉडविन यांचं उदाहरण मला फार आवडतं. डेटाबेसच्या टेबलमध्ये एक कॉलम वाढवायचा, तर जँगोमध्ये त्याची सोयच नव्हती. त्यांनी २००८ मध्ये ‘साउथ’ नावाची वेगळी लायब्ररी काढली, वर्षानुवर्षं सांभाळली. २०१३ मध्ये हे काम थेट जँगोत आणायला त्यांनी किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवायच्या साइटवर २,५०० पौंड मागितले, जमले जवळपास १८ हजार! २०१४ च्या जँगो १.७ मध्ये मायग्रेशन्स, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायची सोय, आली. आज आपण रोज ‘मेकमायग्रेशन्स’ टाइप करतो, ते तिथून आलंय. पुढे चॅनल्स (वेबसॉकेटसारख्या सतत चालू जोडण्यांसाठी) आणि असिंक्रोनस जँगोचं (एका कामासाठी न थांबता दुसरं हाताळण्याचं) कामही त्यांनीच उभं केलं. एक अडचण धरली, ती सोडली नाही, म्हणून लोकांनी पुढची मोठी कामं विश्वासाने त्यांच्याकडे दिली.

आणि हो, जँगोचं काम सगळं फुकटात चालत नाही. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ‘फेलो’ नेमतं, त्यांना पगार देतं. टिकिटं निवडणं, पॅच तपासणं, सिक्युरिटीच्या तक्रारी हाताळणं, रिलीज काढणं ही त्यांची कामं. टिम ग्रॅहम हे पहिल्या फेलोंपैकी एक. माझ्या मते जँगो इतकी वर्षं टिकलं त्यात या न दिसणाऱ्या कामाचा वाटा फार मोठा आहे. म्हणून मुलाखतीला जाताना कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, आकडा घेऊन जाऊ नका. एखादी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, उघडा आणि रिव्ह्यूमध्ये काय चुकलं, तुम्ही ते कसं सुधारलंत, ते दाखवा.

कोडची भीती वाटत असेल तर जँगोच्या सोर्समध्ये ‘लोकेल’च्या, म्हणजे भाषांच्या, फोल्डरमध्ये जा. तिथे ‘एमआर’ आहे, म्हणजे आपली मराठी. भाषांतराचं काम ट्रान्सिफेक्स या वेबसाइटवर चालतं. चला, ती फाइल उघडते. फॉर्म चुकल्यावर वापरणाऱ्याला कोणता संदेश दिसतो, ते आपण एकेक ओळ घेऊन वाचू.