उभी फियाट लवकर मरते

नमस्कार मंडळी. आज गाडी पुसलेली नाहीये, धुळीसकट तुमच्यासमोर आणलीये, मुद्दाम. ही मागची फियाट, कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण नाशकात हिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. १९८४ ची आहे, नानांनी घेतलेली, नाना म्हणजे आमचे वडील.

विषय असा की हल्ली बऱ्याच घरांत आजोबांची नाहीतर वडिलांची फियाट पार्किंगच्या कोपऱ्यातून बाहेर काढायची हौस आलीये, चांगलंच आहे, पण फोन पहिला कुणाला जातो तर पेंटरला. लांबी भरा, रंग मारा, क्रोम चमकवा, दसऱ्याला झेंडूची माळ घालून फोटो काढा आणि परत कव्हर टाकून ठेवा. माझं म्हणणं स्पष्ट आहे, रंग सगळ्यात शेवटी. या गाड्या चालून मरत नाहीत हो, उभ्या राहून मरतात. ते कसं ते आज सांगतो, मधे मधे जुन्या गोष्टी येतील, तेवढं सहन करा.

आधी थोडक्यात गाडी कोण ते. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, वालचंद हिराचंदांनी काढलेली कंपनी, तिथे इटलीच्या फियाटची ११०० बनायची आणि तीच १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली, चितोडच्या राणीचं नाव. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, ओढ मागच्या चाकांना, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोकांनी नानांना विचारलं की अहो आता कशाला फियाट, पण बुकिंग आधीच झालेलं होतं आणि त्या काळात बुकिंग म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघायची, मग नंबर लागल्यावर सोडतो कोण.

आता कसारा घाट. पन्नाशीच्या पुढचे जे बघताय त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू आलं असणार. मे महिना, मुंबईचं लग्न उरकून परत येतोय, मागे आम्ही चार पोरं कोंबलेली, पायात आहेराची भांडी, कसारा सोडलं की चढ लागायचा, गाडी सेकंडला, तापमानाचा काटा वर वर चाललाय आणि एका वळणाला गाडी दोन झटके मारून बंद. एकट्या आमचीच नाही बरं का, कडेला बॉनेट उघडून फियाट आणि अॅम्बेसेडरची रांगच उभी असायची. नाना अजिबात गडबडायचे नाहीत. डिकीतून पाण्याचा कॅन आणि एक ठरलेला फडका काढायचे, फडका ओला करून इंजिनाच्या बाजूला एका ठिकाणी गुंडाळायचे आणि दगडावर जाऊन बसायचे, तोवर आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची. आम्ही पोरं रेडिएटरच्या जवळ गेलो की मात्र ओरडा बसायचा, "झाकणाला हात लावशील तर बघ!" थोड्या वेळाने सेल्फ मारला की गाडी चालू.

लहानपणी मला हा जादूचा फडका वाटायचा. पिंट्या, कॅमेरा जरा इकडे खाली घे. हा बघा फ्युअल पंप, इंजिनाच्या ब्लॉकलाच बसवलेला. याच्या आत एक लिव्हर आहे, कॅमशाफ्ट फिरला की तो वरखाली होतो आणि त्यावर एक रबराचा पडदा, डायफ्राम, तो टाकीतून पेट्रोल खेचतो. आता पेट्रोल ही भलतीच उडून जाणारी चीज, त्यातला हलका भाग उन्हाळ्याच्या गरमीतच वाफ व्हायला लागतो, आणि घाटात काय होतं, गाडी हळू, समोरून वारा नाही, इंजिन तापलेलं, पंप इंजिनालाच चिकटलेला, म्हणजे पंपात आणि पाइपमध्ये पेट्रोलाऐवजी वाफ भरते. पंप पातळ चीज खेचायला बनवलाय, वाफ नुसतीच दबते आणि फुगते, कार्बोरेटरपर्यंत काही पोचत नाही, याला व्हेपर लॉक म्हणतात. ओला फडका टाकला की त्यातलं पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं परत पेट्रोल होतं, संपला विषय. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आत पेट्रोलात बुडलेला असतो आणि तो मागून दाबाने ढकलतो, म्हणून ही भानगड नाही आणि म्हणून आता कसाऱ्याला दगडावर बसून दशमी खायचं कारणही कुणाला उरलेलं नाही.

फडका अजून डिकीत आहे. तो नानांचा नाही, नानांचा कधीच फाटला.

दुसरी गोष्ट थंडीची. नाशिकची थंडी म्हणजे बाकी महाराष्ट्राला पेपरात वाचायला मिळते, निफाडचा पारा घसरला वगैरे, आम्हाला ती सकाळी सात वाजता फियाट स्टार्ट करताना कळायची. चोक ओढा, सेल्फ मारा, नाही झाली, परत मारा, आता पेट्रोलचा वास यायला लागला म्हणजे प्लग ओले झाले, मग थांबा. एवढं करूनही होत नसेल तर नाना डेल्कोचं झाकण काढायचे. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, पण गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटर म्हणालात तर मिस्तरी तुमच्याकडे वकिलाकडे बघावं तसं बघेल.

हे जुने पॉइंट बघा, हातावर घेतो म्हणजे दिसेल. हे दोन छोटे ठिपके आहेत ना, हे इंजिन चालू असताना सारखे उघडझाप करतात, उघडले की कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. आता नीट बघा, एका ठिपक्याला खड्डा पडलाय आणि समोरच्याला बरोब्बर तेवढंच टेंगूळ आलंय, एकाची धातू उडून दुसऱ्यावर जाऊन बसलीये. असं दिसलं की नुसते पॉइंट घासून उपयोग नाही, कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेली छोटी डबी, तो बघायचा, तो कमजोर असला किंवा चुकीच्या मापाचा लावलेला असला की हेच होतं. आमचे मिस्तरी, नाशकातल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज होतं, ते पॉइंट बघूनच सांगायचे, "नाना, घासू नका आता, कंडेन्सर टाका." तीच गोष्ट प्लगची, काढून बघितला आणि तपकिरी असला तर इंजिन खुशीत, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही, एक पाना, एक फिलर गेज म्हणजे फट मोजायची पट्टी, आणि डोळे.

ग्रीसिंग, ऑइल, टॅपेट यांच्यावर मी आज बोलत नाही, त्याचे व्हिडिओ शेकड्याने आहेत.

तर आता उभ्या गाडीचं काय होतं. सुरुवात ब्रेकपासून, कारण गाडी चालू झाली नाही तर फक्त चिडचिड होते पण थांबली नाही तर वाट लागते. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, गाडी चालत नसली की ते पाणी चाकातल्या सिलिंडरमध्ये बसतं आणि आत गंज धरतो, पिस्टन जाम. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर पावसाळ्यानंतर शू ड्रमला चिकटलेले मिळतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो, तो जेटच्या बारीक भोकात बसला की गाडी मिसिंग मारणार, पिकअप घेणार नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरून ठेवलं असेल तर आतून क्षार, आम्ही तेव्हा भरायचो कारण कुलंट हा शब्दच माहीत नव्हता. वायरिंग उंदीर खातात, याच्यावर उपाय मला कुणी ठोस सांगितलेला नाही. आणि टायर, नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका, टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचा, नक्षी कितीही छान असू दे रबर जुनं झालं की तडकतं.

याच्यात आता पेट्रोलची भर. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, तब्येतीसाठी ते झालं हे उत्तमच झालं, पण जुन्या इंजिनात ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या जागेला, सांभाळायचं, त्यामुळे जुन्या हेडवर गाडी सतत दामटली की सीट झिजते आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, कमी होत जातो, तो दर सर्व्हिसिंगला तपासायचा. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, म्हणून मघाचा डायफ्राम आणि सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारे टाका, यात काटकसर करू नका, गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्र्याची टाकी आतून सडते. चालती गाडी पेट्रोल संपवते, नवीन भरते, टाकीला सडायला वेळच मिळत नाही.

म्हणून मी रविवारी सकाळी हिला गंगापूर धरणापर्यंत नेतो, बायको म्हणते मिसळ खायला जातोस आणि नाव गाडीचं, तर तेही खरंच आहे. पण गाडी पूर्ण तापली पाहिजे हे महत्त्वाचं, पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन घुरघुरत ठेवून काही होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो सडतो.

स्पेअरचं विचाराल तर बरंच मिळतं अजून, मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होत्या, त्यांच्यासाठी माल बनत राहिला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर मारली की रिकाम्या हाताने यायला होत नाही. काचेची रबरं आणि दरवाजाची आतली हँडलं मात्र चांगली दिसली की घेऊन ठेवा, गरज असो नसो.

शेवटी कागद. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून रिन्यू करायचं आणि पर्यावरण कर भरायचा. ते चुकवलेल्या गाड्या खूप बघतो, रंगावर पैसा ओतलेला आणि आरसी संपलेली. आणि एक विंटेजचा नियम आहे २०२१ चा, गाडी पन्नास वर्षांवरची पाहिजे आणि मूळ रूपात पाहिजे, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, ऐकायला भारी वाटतं. पण नियम वाचा पूर्ण, विंटेज गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कारणांनाच बाहेर काढायची. म्हणजे परत उभीच! आमचीला पन्नास व्हायला २०३४ उजाडेल आणि तेव्हाही मी त्या फंदात पडेन असं वाटत नाही, साधं रिन्युअल करत राहीन.

पिंट्या, तेराचा पाना कुठे ठेवलास? पुढच्या व्हिडिओत टाकी उतरवतोय, आतला गंज काढून कसा बंद करायचा ते दाखवतो, तोवर तुमच्या गाडीची टाकी कधी धुतली होती ते घरी विचारून ठेवा.