भांडायला नऊ जण

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

समितीनं मला विषय दिला होता 'आठवणीतलं नागपूर'. म्हणजे तर्री-पोहे, संत्रा बर्फी, मारबत आणि मे महिन्यात कुलरसमोरची जागा कोणाची यावरून झालेल्या मारामाऱ्या. हे तुम्हाला पाठ आहे. मागच्या वर्षीच्या वक्त्यांनी ते माझ्यापेक्षा रंगवून सांगितलं, आणि त्यांना वेळही जेवणाआधीची मिळाली होती. मला जेवणानंतरची दिली आहे. ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी, फक्त घोरू नये. आमच्या पपांना देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, घोरणारा माणूस चालत नसे, आणि आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

निमित्त आमच्या लेकीचं. गेल्या महिन्यात पपांची पुण्यतिथी होती. तिकडे नागपुरात सदरच्या कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली आणि नंतर आम्ही नऊ भावंडं व्हिडिओ कॉलवर जमलो. दोघं मोहननगरात, एक कामठीला, एक बिलासपूरला, दोघी पुण्यात आणि उरलेले आम्ही देशोधडीला. रोझरीची जपमाळ होईपर्यंत सगळे शहाण्यासारखे बसले होते. मग विषय आलूबोंड्यावर गेला आणि असं काही जुंपलं की बिलासपूरवाल्यानं रागानं कॅमेरा बंद केला. आमची लेक मागे उभी राहून ऐकत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "पपा, तू आणि मम्मी गेल्यावर तुमच्यावरून असं भांडायला माझ्याकडे कोणीच नाहीये."

एवढं बोलून ती आंघोळीला गेली. मी मात्र अजून तिथंच बसलेलो आहे.

आलूबोंड्याचं प्रकरण असं. पपा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. नॅरोगेजची ती अडीच फुटी लाइन, नागपूर-छिंदवाडा. आता तिकडे मोठी लाइन झाली आणि छोटी इंजिनं कडबी चौकाजवळच्या संग्रहालयात जाऊन बसली. आठवडाभर पपांचे हात काळे. शनिवारी रात्री मोरीत पाटावर बसायचे, आधी रॉकेलचा बोळा, मग लाकडाचा भुसा, मग ५०१चा साबण, आणि शेवटी आईच्या केसातली पिन घेऊन एकेक नख कोरायचे. उद्या देवाच्या दारात जायचं आहे, नखात ग्रीस नको. दहाही बोटं होईपर्यंत कोणी मोरीत पाऊल टाकायचं नाही, कितीही घाईची लागली तरी.

रविवारी मिस्सा झाली की ते सायकलच्या दांड्यावर एका पोराला बसवून मंगळवारी बाजारात मटण आणायला जायचे. एकाच पोराला. दर रविवारी नवीन नंबर. आणि मटण घेतल्यावर एका टपरीवर थांबून एक आलूबोंडा घ्यायचे, गरम, कागदात गुंडाळलेला, वर तळलेली मिरची. अर्धा त्यांना, अर्धा आपल्याला. आणि म्हणायचे, "घरी सांगजो नको."

आम्ही खरंच सांगितलं नाही. माझा नंबर सातवा. मला वाटायचं, हा फक्त माझा आणि पपांचा मामला. पपांच्या मयतीच्या रात्री अंगणात बसलो असताना मोठ्या भावानं हे बोलून दाखवलं, आणि एकेक करत सगळे ओरडले, "मले पण!" तुम्ही म्हणाल, किती छान. मलाही तसंच वाटलं होतं आणि तसंच मी इथं तुम्हाला सांगून मोकळा झालो असतो. पण त्या रात्री तीन नंबरची ताई गप्प होती, आणि गेल्या महिन्यात ती बोलली. म्हणाली, "मला कोणत्या रविवारी नेलं होतं रे? आम्ही बहिणी घरी मसाला वाटत होतो. तुमचं मटण शिजवायला पाटा-वरवंटा कोण धरत होतं?"

झालं, तिथून पेटलं. दोन नंबर म्हणतो, तुलाही नेलं होतं, तू विसरली. पाच नंबरची म्हणते, मला एकदा नेलं होतं, तेही ताप होता म्हणून डॉक्टरकडे. आठ नंबर म्हणतो, सायकलच्या दांड्यावर मुलींना बसवलं असतं तर मोहल्ल्यानं नावं ठेवली असती. ताई म्हणते, "मोहल्ल्याले घाबरत होते काय पपा? मग संपात कशाले गेले?"

रेल्वेच्या संपाचं तुम्हाला आठवत असेल, मे १९७४. वीस दिवस चालला. पपा संपावर होते. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तरुणपणी सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, होते हे पपांना कुठून तरी कळलं होतं. त्यावर त्यांचा ठरलेला विनोद, "याले फादर होऊ दिलं असतं तर आज तुमच्या ताटात भात असता." मी आठ वर्षांचा. मला एवढंच आठवतं की पपा दिवसाढवळ्या घरी असायचे आणि मला ती सुट्टी वाटायची. मोठ्या भावाला आठवतं ते किराण्याच्या दुकानातलं उधारीचं पान आणि रोजचं चून-भाकर. ताईला आठवतं की आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. आणि पपा रात्री घरी झोपत नसत हे चार नंबर शपथेवर सांगतो. दोन नंबर म्हणतो, अंगणातच झोपायचे, उकाडा किती होता! एकाच घरातली, एकाच महिन्यातली गोष्ट.

तसंच आणीबाणीतलं. भिंतीवर तो लाल तिकोन, 'हम दो, हमारे दो', आणि हा माणूस नऊ पोरं ओळीनं घेऊन देवळात जातो. आमच्या कुटुंबाला एक बाक पुरत नसे. सरकारी नोकरांच्या मागे तेव्हा नसबंदीचा लकडा होता. कोणी साहेबानं पपांना बोलावून विचारलं, आणि पपा म्हणाले, "साहेब, गाडी आता यार्डात लागली." ही मोठ्या भावाची आवृत्ती. ताईची आवृत्ती अशी की पपा काहीच बोलले नाहीत, घरी येऊन जेवले नाहीत, आणि नसबंदी नको म्हणणारा चर्चचा नियम एका बाजूला आणि नोकरी एका बाजूला अशा पेचात त्यांची रात्र गेली. आईला यात कोणी काय विचारलं, हे मात्र नऊ जणांपैकी एकालाही सांगता येत नाही.

माझी बायको पहिल्या रांगेत बसली आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: मी नऊ पोरांचा प्रचार करायला उभा नाही. आमच्या आईचे गुडघे कशानं गेले हे मला माहीत आहे. पण लेकीच्या बोलण्यानंतर एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला माझे पपा जे कळले आहेत ते बरेचसे माझ्या भावंडांनी मला खोटं पाडल्यामुळे कळले. मी एकटा असतो तर माझ्याजवळ फक्त अर्धा आलूबोंडा उरला असता. मी तो इथं आणून तुम्हाला दाखवला असता आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. 'माझा बाप देवमाणूस' म्हणून मी मोकळा. ताईनं मला तसं मोकळं होऊ दिलं नाही. आणि गंमत म्हणजे ताईही दर वर्षी पपांच्या नावानं मिस्सा सांगते, पैसे तीच भरते, आम्हाला हिस्सा मागत नाही.

आमच्या लेकीला कोण खोटं पाडणार? मी घरात कसा वागतो, तिच्या आईवर कधी आवाज चढवतो, कोणत्या गोष्टी सोयीनं विसरतो, याची साक्षीदार ती एकटी.

आता तुम्ही म्हणाल, मंडळ आहे की! इथल्या सगळ्या बायका तिच्या मावश्या, सगळे पुरुष काका. मीही असंच बोलतो, विशेषतः वर्गणी गोळा करताना. जरा खरं बोलू या का? माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलाचं नाव मला आज माहीत नव्हतं. गणपतीत त्याला मी दर वर्षी 'काय हिरो' म्हणून वेळ मारून नेतो. मुलांना आपण स्टेजवर आणतो, गाणं म्हणवून घेतो, व्हिडिओ काढतो आणि पार्किंगचे पैसे वाढायच्या आत निघतो. दोन वर्षांपूर्वी आपल्यातले एक जण गेले. त्यांचा एकुलता मुलगा, पंचविशीतला, सगळे फॉर्म एकटा भरत होता. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, त्यात माझंही होतं. प्रत्यक्ष गेलेली माणसं एका गाडीत मावली असती.

आणि जाता जाता एक घरचंच गाऱ्हाणं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तरी आजही आपल्याकडे नवीन आलेलं कोणीतरी मला प्रेमानं पुरणपोळी म्हणजे काय ते समजावून सांगतं. सांगा, हरकत नाही. फक्त तूप जास्त वाढा. आमच्या घरी पोळ्याला शेजारून पुरणपोळ्या यायच्या आणि नाताळात आमच्याकडून करंज्यांचं ताट जायचं. कोणी कोणाला काही समजावत नव्हतं.

लेकीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बायको म्हणते, मुलं आपापलं शोधतात, तू कशाला झुरतोस. असेलही. मित्र असतात, पुढे नवरा असेल, त्यांना मी कसा होतो ते ती सांगेल. ते ऐकून घेतील. पण "नाही गं, तसं नव्हतं" असं त्यांच्यातलं कोण म्हणणार?

सध्या एवढंच झालं आहे की तीन नंबरची ताई उन्हाळ्यात आमच्याकडे येते आहे. सत्तरी उलटली आहे, गुडघे आईचेच घेतले आहेत, व्हिसाच्या फोटोतही रागावलेली दिसते. लेकीनं तिला विचारायच्या प्रश्नांची यादी आत्तापासून फोनमध्ये करायला घेतली आहे. त्यात पपा किती आहेत आणि मी किती आहे, ते मला ती दाखवत नाही.